जानेवारीअखेर कोल्हापूर: चार दिवस, सोबत सासू-सासरे आणि लेक. कुठे खावं, काय बघावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. ३० जानेवारीला सकाळी चौघं कोल्हापुरात पोहोचतोय, २ फेब्रुवारीला रात्री परत. सोबत सासरे, सासूबाई आणि बारा वर्षांची लेक. सासरे पंचाहत्तरीला आलेत. तरुणपणी तालमीत रोज जोर-बैठका मारायचे, गावच्या जत्रेत कुस्त्याही केल्या, पण खासबागचं मैदान त्यांनी कधी पाहिलं नाही. गेली दहा वर्षं "एकदा जायचंय" एवढंच म्हणतात. त्यामुळे या सहलीचं मूळ कारण ते. सासूबाई पूर्ण शाकाहारी, तिखट कमी. लेकीला सगळं खायचंय. गुडघ्यांमुळे सासऱ्यांना फार चढ-उतार जमत नाही.

गुगलवर तेच ते येतं: देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा, चप्पल, घरी. तुम्ही तिथे राहणारे थंडीच्या दिवसांत स्वतः काय खाता, कुठे जाता ते सांगाल का?

पेठकरी

ताई, या. पहिल्यांदा तारखांचं सांगतो. तुम्ही नकळत फार चांगले दिवस निवडलेत. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला होतो तोच. देवीचं मुख पश्चिमेला आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम मानला जातो. दरवेळी तसं घडतंच असं नाही. ढग असतात, हवेत धूळ असते, वाटेत बांधकामं उठली आहेत. तरी ती पाच-दहा मिनिटं आतले दिवे मालवतात आणि सगळं देऊळ गप्प होतं. मी लहानपणापासून बघतोय, अजून अंगावर काटा येतो. पाचच्या आत देवळाच्या आवारात असा. आत शिरता आलं नाही तर बाहेर पडद्यावर दाखवतात, तिथे आजोबांना बसवा. गर्दीत उभं करू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. थंडीतलं कोल्हापूर घड्याळ लावून बघायचं गाव आहे. उन्हाळ्यात दुपारी सगळं सारखंच तापलेलं असतं. थंडीत मात्र प्रत्येक वेळेची जागा वेगळी.

पहाटे सहाला पंचगंगेचा घाट. पाण्यावर धुकं असतं आणि त्यातून पोहणाऱ्यांची फक्त डोकी दिसतात. रोज पोहणारी म्हातारी माणसं आहेत तिथे, या थंडीतसुद्धा. समोर शिवाजी पूल. घाटावरची दगडी देवळं पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आत्ता सगळी मोकळी आहेत. आजोबांना खालच्या पायरीपर्यंत नेऊ नका, शेवाळ असतं. वरच्या टप्प्यावर बसून सगळं दिसतं.

तिथून जवळच गंगावेश. गंगावेशीची तालीम तिथलीच. पहाटेचा सराव बघायचा असेल तर आधी वस्तादांना विचारून आत जा. बहुतेक तालमींत बायकांना आत घेत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही आणि लेक बाहेर थांबाल, पण आजोबांना आत जाऊ द्या. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. त्यांनी तो वास घेतला की तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

संध्याकाळी परत गंगावेशीतच, दूध कट्ट्यावर. दारात म्हशी बांधलेल्या असतात. गवळी पाणी मारून कास धुतो, चरवी, म्हणजे दुधाचं भांडं, गुडघ्यात धरतो आणि धार काढतो. तुमच्या डोळ्यांदेखत. थंडीत चरवीतून वाफ उठते. मग ग्लासात उंचावरून ओततो, निम्मा ग्लास नुसता फेस. पहिला घोट घेताना फेस मिशीला लागतो आणि खालचं दूध अंगाच्या ऊबेइतकंच कोमट लागतं. पैलवान दोन-तीन ग्लास उभ्याउभ्या रिचवतात. हे न तापवलेलं दूध असतं, पोटाला सवय नसेल तर घोटभरच घ्या. लेकीसाठी आणि सासूबाईंसाठी पातेल्यात घेऊन मुक्कामी उकळून घेतलं तरी चालेल, चव तीच.

खासबागबद्दल सवडीने लिहितो. तो विषय घाईत उरकायचा नाही.

कांदालसूण

पेठकरी दादांनी दुधाचं सांगितलं, मी मटणाचं सांगते. माझं माहेर मंगळवार पेठ, सासर बेळगाव.

ताई, कोल्हापुरी म्हणजे जिभेला आग, हे डोक्यातून काढा. बाहेरगावच्या हॉटेलांनी "कोल्हापुरी" नावाखाली लाल रंग आणि लाल तिखट विकलंय. आमच्या घरात वर्षाची चटणी होते. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. त्यात मिरचीबरोबर धणे, तीळ, खोबरं, भाजलेला कांदा, लसूण आणि खडा मसाला असतो. तांबड्याला चव त्यानं येते. नुसता तिखटपणा म्हणजे तांबडा नव्हे.

आणि थंडीतला खरा राजा पांढरा रस्सा. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण, वर लवंग-दालचिनी-मिऱ्याची फोडणी. हळद नाही, तिखट नाही. वाटीला ओठ लावून प्यायचा. घसा धरला असेल तर आई आधी हाच द्यायची. नारळाचं दूध पडल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटतो. म्हणून चांगल्या ठिकाणी पांढरा कोमट-गरम येतो, रटरटत नाही. असा आला तर "गार आहे" म्हणून परत पाठवू नका.

पद्मा, ओपल, देहाती ही हॉटेलांची सगळ्यांना माहीत असलेली नावं आहेत. कुठेही ताट घ्या: सुक्कं, तांबडा, पांढरा, भाकरी, शेवटी थोडा भात. लेकीने पांढऱ्यापासून सुरुवात करावी. कोल्हापुरात मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. तुम्ही शुक्रवारी किंवा रविवारी असलात तर सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग बघा, गावाचा स्वभाव कळेल. दुपारी एकच्या आत जेवायला बसा. रविवारी दोन वाजता गेलात तर जागा मिळाली तरी रस्सा तळाचा मिळतो.

गोदाकाठ

किरणोत्सवाचं खरंच माहीत नव्हतं! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच ओटीचं सामान काढलं. पण त्यांच्या जेवणाचं काय? मागे एका शहरात तीन दिवस त्यांनी दहीभातावर काढले होते, तसं व्हायला नको.

शाकाहारी करवीरकर

काकूंची काळजी सोडा. मी जन्मापासून शाकाहारी आणि जन्मापासून कोल्हापुरात आहे. झुणका-भाकरी, खर्डा, दही, अख्खा मसूर, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. थंडीत बाजारात ओला पावटा आणि हरभऱ्याचे डहाळे येतात. देवळाजवळच्या साध्या खानावळीत पावट्याची आमटी आहे का विचारा, असेल तर बाकी काही मागवू नका. खर्डा तिखट असतो, तो बाजूला ठेवायला सांगा.

मिसळ सकाळीच. उद्यमनगरात फडतरे, महाद्वार रोडला चोरगे, कसबा बावड्याची बावडा मिसळ, खासबागेची खासबाग मिसळ. कुठली सर्वांत चांगली यावर इथे वाद घालायला गेलो तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल. काकू बरोबर आहेत, तर महाद्वार रोड सोयीचा, देवळापासून चालत. कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, वेगळा मागवायचा, म्हणजे तिखट आपल्या हातात राहतं. सोबत ब्रेडचे स्लाईस येतात, गोल पाव शोधू नका.

संध्याकाळी खासबाग मैदानाशेजारच्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ. तिथेच लोणी डोसाही मिळतो. गोडाचं म्हणाल तर एक दिवस नृसिंहवाडीला जा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन, परत येताना बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी इतरत्र सहसा मिळत नाही, आंबट-गोड असते, लेकीला आवडेल.

एक सांगायचं राहिलं, पुढच्या वेळेसाठी. मार्गशीर्षात आलात तर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते. सौंदत्तीहून मानकरी परतल्यावर घरोघरच्या बायका आंबील, भाकरी, मेथीची भाजी, वरण्याची उसळ, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन जातात आणि तिथेच मंडळी जेवायला बसतात. थंडीतल्या कोल्हापूरचं यापेक्षा साधं आणि मोठं जेवण मला ठाऊक नाही.

घाटवाटा

पन्हाळा राहिला की! शहरापासून २० किलोमीटर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले त्यात तो आहे. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आजोबांनाही जमेल. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी. एवढा दिवस काढाच. जोडीला जोतिबा. आणि दुसऱ्या दिवशी खिद्रापूर, तिसऱ्या दिवशी दाजीपूरला गवे बघायला…

पेठकरी

घाटवाटा, तुमचं पन्हाळ्याचं मान्य, पण पंचाहत्तरीच्या माणसाला तीन दिवस गाडीत बसवणार का? ताई, बाहेरचं एकच निवडा. माझं मत खिद्रापूर, कारण नृसिंहवाडी त्याच वाटेवर होते आणि चढ नाही. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब, मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. दुपारी तिथून उतरणारं ऊन फरशीवर सरकत जाताना दिसतं. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हे लेकीला स्वतः शोधू द्या. पन्हाळा पुढच्या वेळी, पावसाळ्यानंतर लगेच या.

आता खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोममधलं कलोसियम पाहून आले, आणि तसं काही आपल्या पैलवानांसाठी हवं असं त्यांच्या मनात आलं. १९१२ मध्ये मैदान उभं राहिलं. मधे हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्ती नसली तरी चालतं, उलट आजोबांना रिकामं मैदान दाखवा. सकाळच्या उन्हात पश्चिमेच्या बाजूला बसा, ऊन अंगावर येतं.

शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही पेठेतली माणसं रस्त्यावर उभी होतो, कुणाला बोलवत नव्हतं. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते. पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलंय. समोरून जाल तेव्हा क्षणभर थांबा, एवढंच सांगतो.

आणि संध्याकाळी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असेल तर लेकीला न्या. थंडीत आमचा फुटबॉलचा हंगाम सुरू असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार. तालमींची नावं आणि खेळ फुटबॉल, हे आणखी कुठे बघायला मिळणार?

वहाणवाला

चपलेबद्दल सावध करतो. दोन वर्षांपूर्वी देवळाजवळच्या एका दुकानातून बायकोसाठी जोड घेतला. "अस्सल कातडं" म्हणून सांगितलं. महिन्यात तळ सुटला, आत पुठ्ठा निघाला. पैसे गेले त्याहून वाईट याचं वाटलं, की तिने ती चप्पल बहिणीला भेट द्यायला घेतली होती.

घेताना वास घ्या. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याला स्वतःचा वास असतो, रसायनाचा नाही. कड नखाने खरवडा, पापुद्रा निघाला तर ठेवून द्या. शिवण कातडी वादीची हवी. नवा जोड कडक असतो, हातात जड लागतो. मऊ आणि हलका असेल तर शंका घ्या. रात्री तेल लावून ठेवा, आठवड्यात पायाला बसतो. चप्पल लाईनला फिरा, चार दुकानं बघा, कापशी घाटाची चप्पल मागा. २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते चिन्ह विचारायला लाजू नका.

गुळव्याचा नातू

ताई, इतक्या जणांनी लिहिलं पण गुऱ्हाळाचं कुणीच काढलं नाही? थंडीत कोल्हापूरला येऊन गुऱ्हाळ न बघता जाऊ नका. दिवाळीपासून मार्चपर्यंत हंगाम. करवीर, पन्हाळा तालुक्यात रस्त्याने जाताना धूर आणि गोड वास आला की गाडी थांबवायची आणि विचारून आत जायचं. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस न देता कुणी परत पाठवत नाही.

माझे आजोबा गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर, होते. गुऱ्हाळाचा मालक कुणीही असो, काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, गुळव्याचा शब्द शेवटचा. चरकातून रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात चुलव्या वाळलेलं चिपाड सारत असतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी नीट काढली तर गूळ पिवळा निघतो. घाई केली की काळा पडतो. दोन-अडीच तासांनी काहिलीतला आवाज बदलतो. आधी पाणी उकळल्यासारखा खळखळाट असतो, मग बुडबुडे जड होतात आणि फुटताना "फद्द" असा आवाज येतो. आजोबा तिकडे पाठ करून बसलेले असायचे, पण त्या आवाजाला उठायचे. थोडा पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची. गोळी पाण्यात टिकली आणि कडेवर आपटल्यावर वाजली की हात वर. मग चौघं मिळून काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओततात. उशीर अर्ध्या मिनिटाचा झाला तरी काहीलभर गूळ वाया.

काकवी हवी असेल तर गूळ होण्याआधीची काढून देतात, तसं आधी सांगून ठेवा. भाकरीबरोबर, किंवा सासूबाईंना दुधाच्या दशमीबरोबर. आणि वाफ्याच्या कडेला चिकटलेला गरम गूळ उलथन्यानं खरवडून पळसाच्या नाहीतर उसाच्या पानावर देतात, तो लेकीला द्या. फुंकून खायला सांगा, तो वरून गार दिसतो आणि आत पोळतो.

लेकीला काहिलीपासून चार हात लांब ठेवा. हे मी कळकळीनं सांगतोय. लहानपणी माझ्या हातावर पाक सांडला होता, खूण अजून आहे.

कांदालसूण

शेवटचं एक. भाऊसिंगजी रोडवरून जाल तेव्हा लेकीला गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगा. राजवाड्यात नोकरीला होते, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा करायला मदत केली आणि त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मोठ्या मोठ्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. शंभरेक वर्षांपूर्वी. तुम्ही कोल्हापुरात कुठे चहा प्यावा असं विचारलंत, तर त्या रस्त्यावर कुठल्याही टपरीवर प्या.

गोदाकाठ

परत आलो, म्हणून लिहिते आहे. सगळं जमलं नाही, पण जमलं ते सांगते.

किरणोत्सवाला ३१ तारखेला आत जाता आलं नाही. बाहेर पडद्यासमोर बसलो. उजेडाची पट्टी कासव चौकातून पुढे सरकत होती आणि आजूबाजूला कुणीच बोलत नव्हतं. चांदीच्या उंबऱ्यानंतर किरणं फिकी होत गेली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले ते आरती संपेपर्यंत. लेकीने विचारलं, "पोहोचलं का?" शेजारच्या एका काकू म्हणाल्या, "बाळा, तिच्यापर्यंत पोचलं. आपल्याला दिसलं नाही एवढंच."

पांढरा रस्सा लेकीने तीन वाट्या प्यायला. तुम्ही लिहिल्यासारखाच कोमट होता. सासूबाईंना पावट्याची आमटी दोन दिवस मिळाली. खिद्रापूरला नंदीचं लेकीने शोधलं, पण नृसिंहवाडीला पोहोचेपर्यंत बासुंदी संपली होती. कवठाची बर्फी मिळाली.

खासबागेत सकाळी साडेनऊला गेलो. पेठकरी दादा, तुम्ही सांगितलं तसं उन्हात बसलो. सासरे पाच मिनिटं बसले आणि मग काठी माझ्याकडे देऊन एकटेच खाली उतरले. आम्ही अडवलं नाही. हौद्यापाशी जाऊन चप्पल काढली, वाकून चिमूटभर माती घेतली, आधी कपाळाला आणि मग दोन्ही दंडांना लावली. मग उजव्या हाताने डाव्या दंडावर शड्डू ठोकला. एकच. रिकाम्या मैदानात तो केवढा घुमला. वर आले तेव्हा धाप लागली होती, पण त्यांनी काठी परत मागितली नाही, गाडीपर्यंत तसेच चालत आले.

गंगावेशीत ते आत तालमीत गेले होते तेव्हा एका तरुण पैलवानाने त्यांना थंडाईचा ग्लास दिला आणि पाया पडला. त्याचं नाव विचारायचं राहिलं म्हणून ते अजून हळहळतात.

गुऱ्हाळही बघितलं, पन्हाळा रोडला. "फद्द" आवाज लेकीने आधी ओळखला! गुळाचा पाच किलोचा रवा (ढेप) आणि दोन बाटल्या काकवी आणली. गुळव्याचे नातू, एक विचारायचं होतं. एका बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे जमलेत. खराब झाली का?

गुळव्याचा नातू

नाही ताई, चांगली काकवी असली की थंडीत खडे बसतात. बाटली कोमट पाण्यात उभी करा, विरघळतील. फ्रीजमध्ये ठेवू नका आणि ओला चमचा घालू नका. आजोबांना रोज सकाळी भाकरीवर एक चमचा. संपली की कळवा, फाल्गुनापर्यंत आमचं गुऱ्हाळ चालू आहे.